उलट्या दोरीचं धनुष्य

बांबूला पाठ असते आणि पोट असतं, एवढं ज्याला कळत नाही त्याला माझी माय माणसांत धरत नसे. या एका कसोटीवर तिनं आमचं सगळं गाव, निम्मा मोताळ्याचा बाजार आणि माझ्या बापाकडचे यच्चयावत नातेवाईक नापास करून टाकले होते. आम्ही बुरूड. घरात चूल सोडली तर बाकी सगळं बांबूचं, आणि त्या बांबूवर राज्य मायचं. बाबा टोपल्या विणत, सुपं बांधत आणि गिऱ्हाइकाशी वाद न घालता जे हाती पडेल ते कनवटीला लावत. मायला त्यांचं ते मवाळपण सहन होत नसे. दुसऱ्या बुरडाची टोपली हाती आली की ती उलटी करून उन्हाकडे धरायची आणि म्हणायची, "हे टोपलं हाय का चाळणी?" पोलीस पाटलाचा फेटा, कीर्तनकाराचा आवाज, माझ्या आत्यानं केलेलं पिठलं, कशालाच तिच्याकडून पासापुरते गुण मिळाले नाहीत. लोकांना तुच्छ लेखायची ही खोड मला तिच्याकडूनच आली, आणि या वयात ती लपवावी असं मला वाटत नाही. पुढे जे लिहिते आहे त्यात ती जागोजाग दिसेल.

सकाळी जाग यायची ती कोयत्याच्या ठोक्यानं. बांबू उभा चिरताना पहिल्या पेरालाच काय तो जोर लागतो. एकदा कोयता आत शिरला की पुढची पेरं तडतड उलगडत जातात आणि अंगणभर ओल्या बांबूचा हिरवा वास सुटतो. त्या तडतडीतच भाकरी थापल्या जायच्या. न्याहारीला ज्वारीची भाकर, ठेचा आणि वर जवसाच्या तेलाची धार. तेच तेलाचं बोट माय खाता खाता भिंतीला टेकवलेल्या कमठ्यावरून फिरवायची. कमठा म्हणजे आमच्याकडचं धनुष्य. टोपल्या-सुपं लोक कुणाकडूनही घेत, पण कमठा घ्यायला रखवालीचे लोक बाजारात तिला शोधत यायचे. भुईमुगात डुकरं शिरायची, मिरचीत वानरं शिरायची, आणि गोफणीचा दगड वानराला लागो न लागो, पिकाला नक्की लागतो. तिचा कमठा सरळसोट, उभा केला तर माणसाच्या खांद्याला लागेल एवढा. त्यासाठी बांबू तोडायचा तो अंधाऱ्या पक्षात, कारण चांदण्यात तोडलेल्याला भुंगा लागतो असं ती म्हणे. मग एक आख्खा पावसाळा तो चुलीवरच्या धुरात पडून राहायचा. मग तासणं. सालीची बाजू ती पाठ, ती निशाणाकडे. गराची बाजू ते पोट, ते आपल्याकडे. पाठीला हत्यार लावायचं नाही, तासायचं ते पोट. दोरी अंबाडीच्या वाखाची, मेण चोळलेली. काम संपलं की दोरी उतरवून कमठा मोकळा ठेवायचा. "मानूसबी रातभर वाकून निजत नाही," असं ती गिऱ्हाइकाला सुनावायची. गिऱ्हाईक हसायचं आणि घरी जाऊन दोरी तशीच ठेवायचं. वर्षभरात कमठा ढिला पडला की पुन्हा हिच्याच दारात.

मला नेम शिकवला तो तिनंच. सात-आठ वर्षांची असताना मला मिरचीच्या बांधावर बसवून ती मागं उभी राहायची. आमचे तीर बोथट, टोकाला चिंध्यांचा घट्ट गोळा. वानराला मारायचं नसे, हाकलायचं असे. "निशानाकडं पाह्य, तीराकडं पाहू नको. तीर काय पयून चालला का?" एवढीच तिची शाळा. दहाव्या वर्षी मी चाळीस पावलांवरच्या वानराच्या ढुंगणावर हुकमी तीर मारत असे. मायनं त्याचं कधी कौतुक केलं नाही. नावंही ठेवली नाहीत, आणि तिच्याकडून नावं न ठेवली जाणं म्हणजे काय हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

हायस्कूलसाठी मी मोताळ्याला जाऊ लागले आणि बांबूची लाज वाटू लागली. गावात कुणी गेलं की पहिला माणूस आमच्या दारात यायचा. तिरडीला बांबू लागतात, ते बुरडाच्या घरून. बाबा जेवत असले तर हात धुवून उठायचे आणि दोन सरळ बांबू काढून द्यायचे. त्यात लाजण्यासारखं काय होतं ते मला आज विचाराल तर सांगता येणार नाही. पण वर्गातल्या मुलींनी माझं नाव 'तिरडीवाली' ठेवलं होतं, आणि पंधराव्या-सोळाव्या वर्षी माणसाची अक्कल जेवढी असते तेवढीच माझी होती. लग्नात त्याच मुलींच्या रुखवतातल्या परड्या आमच्याकडूनच जायच्या. हे मी त्यांना तेव्हा का सुनावलं नाही, याचा राग मला अजून येतो.

अशा वेळी शाळेत ते धनुष्य आलं. संस्थेच्या अध्यक्षांचे जावई मुंबईला कुठल्याशा मोठ्या कंपनीत होते, त्यांनी सासरेबुवांवरच्या प्रेमापोटी ते पाठवलं. चकचकीत, तांबूस, हाताला काचेसारखं गुळगुळीत, दोन्ही टोकं वळलेली. हेडमास्तरांनी नारळ फोडला. ड्रिलचे निमकर सर शिट्टी गळ्यात अडकवून बाजूला उभे होते. हे सर पाणी मागायलाही शिट्टी वाजवत. देशावरून आमच्याकडे बदलून आल्याचं दुःख त्यांना इतकं होतं की आमच्या बोलण्याला हसण्यातच त्यांचा निम्मा तास जाई. खोक्यात एक इंग्रजी छापील कागद होता. हेडमास्तरांनी तो प्रार्थनेच्या वेळी खणखणीत आवाजात वाचून दाखवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यात काय लिहिलंय हे कुणी विचारलं नाही, आणि कुणी विचारलं नाही याचा सगळ्यात जास्त आनंद हेडमास्तरांना झाला असणार. कागदावर एक चित्रही होतं. एक गोरा माणूस धनुष्य आणि दोरी यांच्यामधून पाय घालून, मांडीवर धनुष्य रेटून उभा होता. निमकर सरांनी चित्र बराच वेळ पाहिलं आणि सांगितलं, "हा धनुर्विद्येपूर्वीचा व्यायाम आहे." दुसऱ्या दिवसापासून धनुष्यासाठी निवडलेल्या आम्ही सात मुली रोज सकाळी दोन पायांमधून लाठी घालून, मांडीवर रेटून, एक-दो-तीन-चार करू लागलो. वर्षभर केलं. कागदाला काचेची चौकट घालून तो सरस्वतीच्या फोटोखाली टांगला गेला.

खरी गोष्ट अशी होती की तो माणूस व्यायाम करत नव्हता, धनुष्याला दोरी चढवत होता. वळलेल्या टोकांच्या धनुष्याला दोरी नसते तेव्हा त्याचा बाक एका बाजूला असतो. दोरी चढवायची ती त्याला बाकाच्या उलट दिशेनं वाकवून. त्याला जोर लागतो, म्हणून तर पाय मधे घालायचा. तसं केलं की टोकं पुढच्या अंगाला वळलेली राहतात आणि सगळी ताकद त्यांच्यात साठते. निमकर सरांनी सोपा मार्ग घेतला. जिकडे बाक आहे तिकडेच दोरी बांधून टाकली, परडीची कडी बांधावी तशी. काही जोर लागला नाही, म्हणून ते खूशही झाले. "पाहा, विलायती माल! किती सहज चढली." त्या उलट्या धनुष्यातून तीर तीस पावलांवर जाऊन दमून खाली बसायचा. निशाणाच्या दोन हात वर नेम धरावा तेव्हा कुठे तो निशाणाच्या आसपास पडे. मूठ उलटी असल्यामुळे तिचा उंचवटा तळहातात रुतायचा. सर म्हणायचे, विलायती वस्तूला हाताची सवय व्हावी लागते. आणि ते धनुष्य रात्रंदिवस दोरी लावलेलंच काचेच्या कपाटात उभं असे, कारण दोरी नसली तर पाहुण्यांना ते धनुष्य वाटणार नाही.

सातही मुलींत नेम माझाच बरा. म्हणून कपाटाची किल्ली सरांकडे आणि धनुष्य माझ्याकडे, असं झालं. तिरडीवाली आता विलायती धनुष्यवाली झाली. मला त्याचा केवढा माज चढला होता ते लिहितानाही कानशिलं तापतात.

दसऱ्याला शाळेत शस्त्रपूजा होती. आपट्याची पानं ठेवायला टोपल्या हव्या होत्या, त्या घेऊन माय आली. पाटावर ते धनुष्य हळदीकुंकू लावून मांडलं होतं. मायनं टोपल्या खाली ठेवल्या, वाकून पाहिलं आणि तिथंच उभी राहिली.

"मास्तर, हे उलटं बांधलं जी."

सर हसले. "काय उलटं?"

"दोरी. ह्या टोकाच्या खाचा पाह्यल्या का? खाच दोरीसाठी पाडेल हाय, अन् दोरी भलतीकडून चालली. दोरी खाचीत बसतच नाही तं बनवनाऱ्यानं खाच काऊन पाडली? त्याले दुसरं काम नव्हतं का?"

"बाई, हे काही टोपलं नाही. रिकर्व्ह म्हणतात याला," सर म्हणाले. कागदावरचा तेवढा एक शब्द त्यांना वाचता आला होता. "फायबरग्लासचं आहे."

"कायचंबी असो. ह्याले इकडून तिकडं वाकवा लागते."

"म्हणजे मोडायचंय का तुम्हाला?"

मुली फिदीफिदी हसल्या. माय माझ्याकडे वळली. "तू सांग वं. तुह्या हाताले कळत नाही का? मूठ कुनीकडं हाय?"

मी म्हणाले, "माय, तू जाय ना आता घरी."

ती गेली. संध्याकाळी चुलीपाशी एवढंच म्हणाली, "मास्तर येडा हाय. असतेत मानसं." आणि भाकर थापू लागली.

माझ्या हाताला कळत होतं. हाताला कळतं आणि डोक्याला कळत नाही अशी सबबही मला नाही, कारण दसऱ्यानंतर आठच दिवसांनी, सर हेडमास्तरांच्या खोलीत चहा पीत असताना, मी एकटीनं ती दोरी सोडली. चौकटीतल्या माणसासारखा पाय मधे घातला, मांडीवर धनुष्य रेटलं आणि उलट बाजूला वाकवलं. दोरी खाचीत अशी चपखल बसली की पाहत राहावं. मूठही हातात नीट आली. मी अर्धीच ओढून पाहिली तर खांद्यापर्यंत ताण जाणवला. मायचं बोलणं अक्षरशः खरं होतं. मी दोरी उतरवली आणि पुन्हा उलटी बांधून धनुष्य कपाटात ठेवून दिलं. सरळ करायचं तर कुणी सांगितलं हे सांगावं लागलं असतं, आणि सगळ्या शाळेसमोर बुरडीण खरी ठरली असती. ते मला नको होतं. सर निदान न कळून मूर्ख होते.

आता माझ्या भाचीची मुलगी मला पुण्याहून फोनवर फोटो पाठवते. हौस म्हणून धनुष्य घेणार आहे. एका फोटोत सरळ लांबच लांब धनुष्य, दुसऱ्यात वळल्या टोकांचं, आणि खाली प्रश्न, 'आजी, लाँगबो घेऊ की रिकर्व्ह?' सोबत तिच्या क्लासच्या कोचनं दिलेली दोन पानांची यादी. कुठलं हाताला हलकं, कुठलं प्रवासाला सोयीचं, कुठल्यात परंपरा जास्त. परंपरा किलोवर मिळत असावी अशा थाटात ते लिहिलं होतं. मी तिला कळवलं, कुठलंही घे. सरळ धनुष्य चुकीला सांभाळून घेतं, वळलेलं घेत नाही, पण दोन्हींना दोरी कुठल्या बाजूनं हे आधी बघ. तिनं हसण्याची चित्रं पाठवली. आजी विनोद करते असं तिला वाटलं.

त्या दसऱ्यानंतरच्या हिवाळ्यात निवड ठरली. जिल्ह्यातून तिरंदाजीसाठी एक मुलगी घ्यायची होती. तिला वसतिगृहात ठेवून, खेळ शिकवून, पुढे खेळाची शिक्षिका करणार होते. घरी मलकापूरकडचं एक स्थळ आधीच दाराशी येऊन बसलं होतं. नवरामुलगा बांबूच्या वखारीत होता आणि जेवताना आवाज करायचा, यापलीकडे मला त्याच्याबद्दल माहिती नव्हती. बाबांनी आयुष्यात बहुधा एकदाच ठामपणे काही सांगितलं ते तेव्हा: "निवड झाली तं मी त्याइले थांबवतो. नाही झाली तं फागुनात बार उडवून टाकू." म्हणजे वसतिगृह किंवा मलकापूर. माझ्यापुढे तिसरी वाट नव्हती, आणि हे मायला, बाबांना आणि मला सारखंच कळत होतं.

बुलढाण्याला राजूर घाटातून एस.टी. चढते तेव्हा थंडीनं कान दुखतात. सर, मी आणि ते धनुष्य. मागच्या गाडीनं माय आली, न सांगता. जुन्या लुगड्यात गुंडाळलेला कमठा गुडघ्यांमध्ये उभा धरून आली होती. कंडक्टरनं टपावर टाकायला सांगितला तेव्हा तिनं त्याला त्याच्या तिकिटं फाडण्यातलेही दोष सांगितले म्हणे. मैदानाच्या कडेला निंबाखाली ती जाऊन बसली. मी तिच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं.

परीक्षक फौजेतून निवृत्त झालेले, वाळकेसे गृहस्थ होते, डोक्याला लोकरी टोपी. प्रत्येकीला सहा तीर. धनुष्य कुठलंही चालेल, ज्याचं त्याचं, असं त्यांनी आधीच सांगितलं. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी माझ्या हातातलं धनुष्य घेतलं, फिरवून पाहिलं आणि विचारलं, "हे कुणी चढवलं?"

निमकर सरांनी माझ्याकडे पाहिलं. "मुलीच हाताळतात, साहेब. कितीदा सांगितलं यांना."

मी मान खाली घातली. परीक्षकांनी दोरी सोडली, पाय मधे घातला आणि एका झटक्यात धनुष्य नीट चढवून माझ्या हाती दिलं. त्यांचा पाय पाहून सरांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते पाहायला मिळालं, तेवढीच त्या दिवसाची कमाई. वर्षभर करून घेतलेला व्यायाम त्यांना आत्ता कळला.

"जड जाईल तुला," परीक्षक म्हणाले. "वर्षभर उलट्यावर हात बसलाय. दुसरं असेल तर ते घे. घाई नाही."

दुसरं होतं. माय उठून आली होती. तिनं लुगडं सोडलं, कमठा गुडघ्याला लावून दोरी चढवली आणि माझ्यापुढे धरला. धुरानं काळपटलेला, तेलानं चिकट, मुठीला चिंधी. लहानपणापासून माझ्या हातात असलेला कमठा. तो हातात असता तर मला नेम धरावाच लागला नसता.

"घे," माय म्हणाली.

बुलढाण्याच्या शाळेतल्या मुली पांढरे बूट घालून ओळीत उभ्या होत्या. त्यांतली एक दुसरीला म्हणाली, "अगं बाई, हा कशाचा बांबू?" दुसरीनं तोंडावर हात धरला.

मी म्हणाले, "नको. शाळेचं आहे ना."

मायनं हात मागे घेतला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आश्चर्यही नव्हतं.

पहिला तीर मी सवयीनं दोन हात वर धरला. तो निशाणावरून, त्यामागच्या पडद्यावरून, मागच्या पत्र्याच्या शेडवरून गेला आणि पत्रा वाजला. दुसरा तिथंच. तिसरा मी घाबरून खाली धरला तो दहा पावलांवर जमिनीत घुसला. मग दोरी पुरती ओढली जाईना. सहापैकी एक तीर निशाणाच्या काठाला कसाबसा चिकटला. परीक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडे पाहिलंही नाही.

सातपुड्याच्या पायथ्याच्या एका आश्रमशाळेतून सोमाय नावाची मुलगी आली होती. कोरकू होती, मराठी अडखळत बोलायची. तिचा कमठा एस.टी.त पोत्यांखाली चेंगरून चिरला होता आणि ती सकाळपासून तो चिरलेला कमठा मांडीवर घेऊन बसली होती. माझं झाल्यावर ती निंबाखाली गेली आणि मायला म्हणाली, "मौसी, तुमचा कमठा द्येते का?" मायनं तो तिच्या हाती दिला. पोरीनं न बघता सालीची बाजू निशाणाकडे केली. मायनं मान हलवली. पहिला तीर खाली गेला तशी माय मागून म्हणाली, "अजून वढ. तो मोडत नाही, भिऊ नको." पुढचे पाचही तीर निशाणात बसले, त्यातले तीन मधल्या काळ्यात. परीक्षकांनी तो कमठा मागून घेतला, पाठीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "कुणी केला?" सोमायनं मायकडे बोट दाखवलं. बुलढाण्याच्या पोरी आता हसत नव्हत्या.

परतीच्या गाडीत सर पुढे बसले होते. मी मायच्या शेजारी. घाट उतरल्यावर मी विचारलं, "कमठा कुठं हाय?"

"तिच्यापाशी."

"काऊन?"

"तिनं मांगतला," माय म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली. उघड्या रानात तुरीच्या पेंढ्या उभ्या होत्या. त्या कुणी नीट बांधल्या नव्हत्या, पण ती त्याबद्दलही काही बोलली नाही.

चार दिवसांनी निमकर सर आमच्या घरी आले. कधी न येणारे सर दारात पाहून बाबा इतके गडबडले की त्यांनी बसायला नवं सूप पुढे केलं. सर म्हणाले, मुलीवर अन्याय झाला. परीक्षकांनी ऐन वेळी धनुष्य बदलून दिलं, वर्षाची मेहनत वाया घालवली. आणि निवडलं कुणाला, तर परक्याचं धनुष्य घेऊन मारणाऱ्या मुलीला. शाळेनं अर्ज तयार केला होता. ती निवड रद्द करावी आणि आमच्या मुलीची चाचणी पुन्हा घ्यावी, असा. हेडमास्तरांची सही झाली होती. अध्यक्षांची व्हायची होती. मुलीचीही हवी.

मायला वाचता येत नव्हतं. ती म्हणाली, "वाचून दाखवा जी."

सरांनी वाचलं. निवड रद्द करावी, हे त्यांनी दोनदा वाचलं, कारण तिथं त्यांना आपली भाषा चांगली साधली असं वाटत होतं. चहा आला होता. बाबा हात जोडून बसले होते आणि म्हणत होते, "मास्तर, तुमचे लय उपकार." त्यांना खरंच वाटत होतं की पोरीवर अन्याय झाला. त्यांना कुणीच काही सांगितलं नव्हतं. मी सांगितलं नव्हतं आणि मायनंही.

माय माझ्याकडे पाहत होती. ती काही बोलेल याची मी वाट पाहिली. सगळ्या जगाला तोंडावर बोलणारी बाई, हिनं आत्ता एक शब्द काढला असता तर मी सुटले असते; मला स्वतःला काही ठरवावं लागलं नसतं. ती बोलली नाही. मला मलकापूरचा तो जेवताना येणारा आवाज ऐकू येत होता. सोमायचा चेहरा मी आठवायचा प्रयत्न केला नाही. सरांनी पेनचं टोपण काढून दिलं आणि मी सही केली. चांगली वळणदार सही केली.

सर गेले. बाबा त्यांना वेशीपर्यंत पोचवायला गेले. मायनं त्यांचा उष्टा कप विसळला, पालथा घातला आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"मास्तर येडा हाय," ती म्हणाली. "येड्यावर मी कवा राग धरला नाही. तुह्या बापालेबी कवा काही म्हनलं नाही, मनातून. तू येडी नाहीस. तुले माहीत होतं."

अर्जाचं पुढे काही झालं नाही. अशा अर्जांचं व्हायचं तेच झालं असेल. कुठल्यातरी टेबलावर पिवळा पडला असेल. सोमाय वसतिगृहात गेली. फाल्गुनात माझं लग्न झालं आणि नवरा जेवताना आवाज करतो हे मी पुढची चाळीस वर्षं ऐकलं. मायनं रुखवताच्या टोपल्या स्वतः विणल्या, एकीतही बोट घालायला फट नाही. त्यानंतर ती बावीस वर्षं जगली, आणि शेवटच्या आजारातसुद्धा डॉक्टरच्या हाताला, नर्सच्या चालीला, शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या कण्हण्याला नावं ठेवत होती. माझ्या कशालाच तिनं पुन्हा कधी नावं ठेवली नाहीत. माझ्या हातची भाकर करपली तरी ती परक्याच्या घरी खावी तशी मुकाट्यानं खायची, आणि ताट बाजूला सारताना म्हणायची, "चांगली झाली."